वाणाची सीडी

निलाक्काच्या दुकानात देव आणि गेलेली माणसं एकाच भिंतीवर असायची. वरच्या ओळीत अंबाबाई, जोतिबा, बसवेश्वर. खालच्या ओळीत गिऱ्हाइकांनी फ्रेम करायला टाकलेले आणि न्यायला विसरलेले आजोबा, चुलते, सासरे. फार दिवस कोणी फिरकलं नाही की निलाक्का त्या फोटोशीच बोलायची. "बघा की पावणं, तुमच्या पोरास्नी सवड न्हाई. ऱ्हावा हितंच. भाडं मागत न्हाई मी."

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. निलाक्का मूळची संकेश्वरच्या बाजूची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. तिचे मालक, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, आत बसून लाकडी पट्ट्या कापायचे आणि खिळे मारायचे. खिळे तोंडात धरायची त्यांना सवय, त्यामुळे बोलणं असं नसायचंच. निलाक्का गिऱ्हाइकांना सांगायची, लग्न लागलं तेव्हापासून खिळे तोंडात आहेत, अंतरपाट धरला तेव्हा फक्त काढले होते.

फ्रेमच्या पाठीला कागद चिकटवायला आणि तार बांधायला मी तिथं जात असे. गिऱ्हाईक आलं की मी आतल्या अंगाला सरकायची. निलाक्काला ते खपायचं नाही. गिऱ्हाईक वाघ आहे का, असं ती त्या गिऱ्हाइकासमोरच मला विचारायची, आणि मग मी आणखी आत जायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे. म्हणून फोटोखालची नावं तिनं माझ्याकडं दिली. आजही त्या अक्षरातच हे माझ्यापुरतं लिहिते आहे.

निलाक्काचा सगळ्यांत मोठा राग एकाच गोष्टीवर होता. कोणाची आई वारली की मुलगा दुकानात यायचा आणि पिशवीतून कुठल्यातरी लग्नाचा घोळक्यातला फोटो काढायचा. त्यात आई शेवटच्या ओळीत, कोणाच्या तरी फेट्यामागं. एवढीच आई कापून मोठी करून द्या, म्हणायचा. एकदा पाटाकडल्या गल्लीतले एक चांगले हुद्द्यावरचे गृहस्थ असाच फोटो घेऊन आले. निलाक्कानं चष्मा लावला, फोटो दारात उजेडाला नेला, उलटा केला, सुलटा केला.

"पावणं, ह्यात आईचा एक कान हाय आन नथ हाय. तुमी कानाला हार घालणार व्हय?"

ते गृहस्थ खाली बघायला लागले. तिनं त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि मग चहा पिऊन होईपर्यंत बोलून घेतलं. तुमचा शाळेतला फोटो आहे, तालमीतला आहे, स्कूटरच्या लायसनवर आहे. तुम्ही नऊ महिन्यांचे झालात तेव्हा जिनं तुम्हाला नटवून फोटोग्राफरकडं नेलं, तिच्याकडं कोणी एकदा यंत्र धरलं नाही. शेवटी तिनं त्या कानावरून आणि नथीवरून काही होतं का बघण्यासाठी रंकाळ्याकडच्या एका चित्रकाराला गाठलं. चित्र आलं ते सुरेख होतं, पण कुठल्याही आईचं चालेल असं. गृहस्थांनी ते नेलं. निलाक्का दिवसभर काच कापताना चुकत होती.

दोन हजार साल उलटल्यावर एका लग्नाच्या फोटोग्राफरनं मोठा कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना डिजिटल कॅमेरा निलाक्कानं घेतला. रोल कुठं घालायचा, असं तिनं त्याला विचारलं. रोल लागतच नाही, कितीही काढा, असं तो म्हणाला. तिनं कॅमेरा हातात घेऊन गल्लीकडं तोंड केलं. 

त्यानंतर एक कॉम्प्युटर आला आणि गल्लीतल्या बायकांची सुटका संपली. एका बाईचा एक फोटो, एकटीचा, समोर बघत असलेला. एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते पाहिजे होतं जिवंतपणी. बायका तयार होईनात. केस विंचरलेले नाहीत, साडी घरातली आहे, सासूबाईंना विचारते. आणि तयार झाल्याच तर कॅमेऱ्यासमोर दगड होऊन उभ्या राहायच्या. मग निलाक्कानं तिची रीत काढली. ती हसा म्हणायची नाही, भांडण काढायची. कॅमेरा पोटाशी धरून सहज बोलल्यासारखं विचारायची, तुमच्या आमटीला चव नसते असं तुमची जाऊ परवा सांगत होती, खरं का? त्या बाईची मान वर यायची, डोळे उघडायचे, आणि बटण दाबलं जायचं. म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या फोटोत एक तेज आहे. प्रत्येकजण काहीतरी उत्तर देण्याच्या बेतात आहे.

सुलोचना आमच्या शेजारची. तिची आई तानूबाई शाहूवाडीकडून तांदूळ घेऊन लेकीकडं आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. निलाक्कानं तिला पायरीवर गाठलं आणि म्हणाली, तुमच्याकडच्या तांदळाला म्हणे वासच नाही राहिला आता. तानूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि एक बोट वर केलं. तोच फोटो. नंतर त्या फोटो कॉम्प्युटरवर बघून खूप हसल्या. कागदावर काढून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, आत्ता कशाला, मेल्यावर काढा, तोवर राहू दे तुमच्या पेटीत.

त्या पेटीत फोटो लावायची रीतही निलाक्काचीच. नावाप्रमाणं नाही, वयाप्रमाणं नाही. गल्लीच्या तोंडापासून आत जशी घरं, तसे फोटो; तानूबाईंचा लेकीच्या घराबरोबर. कोणी घर बदललं तर निलाक्का कॉम्प्युटरमध्येही तिचं बिऱ्हाड हलवायची. दोन शेजारणींचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा एकजण येऊन म्हणाली, माझा फोटो तिच्या शेजारी नको. घर शेजारी आहे तर फोटोही शेजारी, असं सांगून निलाक्कानं तिला परत पाठवलं.

कॉम्प्युटरवर तिचा विश्वास नव्हता. तिच्या माहेरी बियाणं कधी एका घरात ठेवत नसत. थोडं आपल्या कणगीत, थोडं भावकीत, थोडं पाहुण्यांच्या गावी. एक घर जळलं तरी पेरणी चुकू नये. त्याच हिशेबानं तिनं सगळ्या फोटोंच्या सीड्या केल्या. एक गठ्ठा दुकानात, दुसरा गारगोटीला बहिणीकडं. पोवार म्हणून एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारे यायचे, तेसुद्धा म्हणाले की मोठमोठ्या कचेऱ्यांतून एवढी काळजी घेत नाहीत.

आणि त्या संक्रांतीला तिनं वाण म्हणून सीड्या वाटल्या. लाल कागदात गुंडाळलेली सीडी, वर तिळगुळाची पुडी, आत गल्लीतल्या सगळ्या बायका. दुकानावरच्या तिच्या घरी हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. सीडी लावायला घरात यंत्र होतं कोणाकडं? स्टीलची वाटी मिळाली असती तर डाळीला तरी झाली असती, असं जिन्यातच कोणीतरी म्हणालं. निलाक्कानं ते ऐकलं आणि वाटीत तुझं तोंड दिसणार आहे का, असं वरूनच विचारलं.

सगळ्या गेल्यावर ताटात काही वाणं उरली होती. निलाक्कानं ताट माझ्या हातात दिलं आणि चप्पल घातली. ज्या बायकांना हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत, त्यांच्या घरी ती निघाली होती. गल्लीच्या टोकाला गौराकाकू राहायच्या. तरुणपणीच त्यांचे मालक गेले होते. शेवया आणि सांडगे करून विकायच्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. आम्हाला दारात बघून त्यांना वाटलं, आम्ही घर चुकलो. निलाक्का म्हणाली, चुकलो नाही, ह्यात तुमचा फोटो आहे, तुमचं तुम्हाला द्यायला आलो. गौराकाकूंनी पिठाचे हात पुसले, पदर पसरला, त्यात ते वाण घेतलं आणि दार लावलं. निलाक्का परत येताना म्हणाली, "कमळे, बाईनं साधं या-बसा केलं न्हाई बघ." पण तिच्या आवाजात राग नव्हता.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं सगळे आपापली हत्यारं पुजतात. निलाक्कानं पाटावर काच कापायचा हिरा, हातोडी, करवत, कॅमेरा, सगळं मांडलं. सीड्याही मांडल्या. आणि गारगोटीच्या सीड्याही त्यासाठी मुद्दाम मागवून घेतल्या. हत्यारं एकत्र पुजायची असतात, एकाची पूजा झाली आणि दुसरं तसंच राहिलं तर ते रुसतं, असं तिचं म्हणणं. एकेका सीडीला ती ओलं गंध आणि कुंकू लावायला लागली, चकचकीत बाजूला. अण्णांनी त्या दिवशी तोंडातले खिळे हातात घेतले.

"त्या अंगाला नगं. मागल्या बाजूला लाव की."

"तोंडाला कुंकू लावत्यात का पाठीला?" निलाक्का म्हणाली.

अण्णांनी खिळे परत तोंडात टाकले.

दोन दिवसांनी वाळलेलं कुंकू निघेना, तेव्हा निलाक्कानं सगळ्या सीड्या परसात नेल्या आणि राख-चिंच लावून समईसारख्या घासल्या. अशा लखलखीत झाल्या की त्यात गल्ली दिसायची. मग त्या कागदात बांधून, अर्ध्या गारगोटीला परत गेल्या.

दिवाळीच्या गडबडीत कॉम्प्युटर बंद पडला. पोवार आले, पेटी उघडली, आतला फोटो साठवायचा भाग कायमचा गेला म्हणाले. निलाक्का जराही घाबरली नाही. सीड्या आहेत की, असं म्हणून तिनं त्यांना फराळाचं ताट दिलं. सीडी लावून बघावी असं कोणाच्या मनातही आलं नाही.

भातं कापायला आली होती तेव्हा तानूबाई गेल्या. शेतातून आल्या, ओसरीवर टेकल्या आणि गेल्या. सुलोचना माती आटोपून तिकडून आली ती सरळ दुकानात. दिवसकार्याला फोटो पाहिजे होता. तिच्या भावानं घर पालथं घातलं होतं, पण तानूबाईंचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. सुलोचना रडत नव्हती. तिला खात्री होती. ती म्हणाली, "अक्का, तो बोट वर केल्याला फोटो द्या. माझी पोरं आजीला इसरायची न्हाईत मग."

पोवारांच्या दुकानात आम्ही एकेक सीडी लावून बघितली. यंत्र गुरगुरायचं आणि सीडी बाहेर टाकायचं. गारगोटीहून गठ्ठा आला, त्याचंही तेच. पोवारांनी एक सीडी दिव्यासमोर धरली, तिच्यावरचे ओरखडे बघितले आणि ही कशानं घासली, असं विचारलं. निलाक्कानं सांगितलं. सगळं सांगितलं, कुंकवापासून. पोवार भला माणूस, हसले नाहीत. असल्या सीडीतून काही निघणं कठीण, एवढंच म्हणाले.

त्या दिवशी निलाक्का दुकानात येऊन भिंतीकडं पाठ करून बसली. मी तिला पहिल्यांदाच गप्प आणि अण्णांना पहिल्यांदाच एवढं बोलताना बघितलं. ते म्हणत होते, चूक झाली, माणूस आहे, जेव आता. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुलोचनाच्या दारात गेली. बरोबर चल, म्हणून मीही गेले. तुझी आई मी पुसली, असं ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. सुलोचना भिंतीला टेकली. मग एकदम म्हणाली, वाणाची सीडी होती की माझ्याकडं. आणि लगेच तिचा चेहरा पडला. ती सीडी तिनं आईला दिली होती, आणि भावानं भाताला दाणा भरल्यावर पाखरं यायला लागली म्हणून दोरीनं बांधून शेतात टांगली होती. उन्हापावसात तिचा वरचा पापुद्रा निघून ती आता आरपार दिसत होती. पाखरं मात्र भ्यायची, म्हणाली.

पण निलाक्काला वाट दिसली होती. वाण तर सगळ्या गल्लीला गेलं होतं.

आम्ही गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. पहिल्या घरातली सीडी मुलाच्या रिक्षात आरशाला लोंबत होती, मध्ये लिंबू-मिरची बांधलेली. दुसरीकडं पाळण्यावर होती, बाळ बघून हसतं म्हणे. एका घरी दुधाच्या भांड्यावर झाकण केली होती, भोकातून वाफ जाते म्हणून फार सोयीची. एकीनं न्हाणीच्या खिडकीत भांग पाडायला आरसा म्हणून अडकवली होती. एका पोरानं तिचं चाक करून गाडी केली होती. निलाक्का कोणावर ओरडली नाही. प्रत्येक सीडी पदरानं धरून पोवारांकडं नेत होती, आणि पोवार मान हलवत होते. एका सीडीतून निम्मे फोटो निघाले, पण ते गल्लीच्या तोंडाकडचे. सुलोचनाच्या घरापर्यंत यंत्र पोचलंच नाही.

शेवटी गल्लीचं टोक राहिलं. गौराकाकू शेवया वाळत घालत होत्या. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्या आत गेल्या आणि देवघरासमोर उभ्या राहिल्या. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी, लाल कागदातलं वाण तसंच होतं. तिळगुळाच्या पुडीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

 उघडून बघितलं नाही का, असं निलाक्कानं हळू आवाजात विचारलं. हळू आवाज तिच्याकडं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"कैक वर्सांनी वाण आलंतं माझ्या दारात," गौराकाकू म्हणाल्या. "त्ये फोडून बघायचं व्हय?"

मग सुलोचना कोण आणि तिची आई कशी गेली हे निलाक्कानं त्यांना सांगितलं. गौराकाकू ऐकत होत्या आणि त्यांचा हात देव्हाऱ्याच्या चौकटीवर होता. मला वाटलं, देणार नाहीत, आणि नाही दिलं तर त्यांना कोण काय म्हणणार. मग त्यांनी वाण उचललं, तिळगुळाची पुडी सोडवून परत देवासमोर ठेवली, आणि सीडी पुढं केली.

"न्या. पर परत आणा."

निलाक्कानं डोक्यावर पदर घेतला आणि ती दोन्ही हातांनी घेतली.

पोवारांच्या यंत्रानं ह्या वेळी आवाज केला नाही. पडद्यावर एकेक घर उघडायला लागलं. रागावलेल्या, मान वर केलेल्या आमच्या सगळ्या बायका. आणि मग हातातली पिशवी खाली ठेवून, बोट वर केलेल्या तानूबाई. सुलोचना तिथं रडली. रडता रडता म्हणाली, आता बोलणार बघा, आता सांगणार वास कुठं जातो ते.

फ्रेम निलाक्कानं स्वतः केली. काच कापताना हात चुकला नाही. सुलोचनाच्या भावाला फोटो बघून जरा अवघड वाटलं. हार घालायच्या फोटोत असं बोट बरं दिसत नाही, शांत चेहऱ्याचा नाही का, असं तो म्हणाला. निलाक्का म्हणाली, शांत कधी होती ती? तो विचार करून हसला आणि फ्रेम काखेत घेऊन गेला. गौराकाकूंची सीडी त्याच दिवशी नव्या लाल कागदात घालून परत गेली. त्याआधी पोवारांनी तिच्यावरून पुष्कळ सीड्या करून घेतल्या होत्या.

पुढच्या संक्रांतीला दुकानाच्या पायरीवर टीव्ही आणि सीडी लावायचं यंत्र ठेवलं होतं, आणि वाणाला पुन्हा नव्या सीड्याच होत्या. हळदी-कुंकवाचं बोलावणं घरोघर गेलं, एकही दार न वगळता. कोणी कुरकुरलं असेल, पण पायरीवर सगळ्या आल्या, कारण प्रत्येकीला स्वतःला बघायचं होतं. आपला फोटो आला की प्रत्येकजण दुसरीकडं बघायची आणि गेला की परत कधी येतो म्हणून थांबायची. गौराकाकू मागच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचा फोटो आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, काकू किती देखण्या आहेत. हे एवढ्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं, कारण कोणी नीट बघितलंच नव्हतं.

पुढं सगळ्यांच्या हातात फोन आले, फोनला कॅमेरे आले. फ्रेमची गिऱ्हाइकं कमी झाली. अण्णांना दिसेनासं झालं. लेकीनं दोघांना गडहिंग्लजला न्यायचं ठरवलं आणि दुकान आवरायला काढलं. भिंतीवरचे न नेलेले आजोबा निलाक्कानं एकेका घरी स्वतः पोचवले, आणि पोचवताना जे बोलायचं ते बोलून घेतलं.

जायच्या आदल्या दिवशी ती गल्लीत शेवटची फिरली. गुडघे दुखत होते, माझ्या खांद्यावर हात होता. प्रत्येक घरात जाऊन ती एकच म्हणायची, "सीडी दाखीव." चहा नको, बसायला नको, आधी सीडी. कपाटं उघडली जात होती, ट्रंका ओढल्या जात होत्या. एकीची सापडेना तेव्हा निलाक्का तिच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली, आणि मसाल्याच्या डब्यामागून ती निघाल्यावरच उठली. एकीनं कापडात गुंडाळून ठेवली होती, तिची पाठ थोपटली. चकचकीत बाजूला बोट लागलं की ती आता हातावर चापट मारायची.

असं करत आम्ही टोकाला पोचलो. गौराकाकूंनी दार उघडलं. तिथं मात्र निलाक्कानं काही विचारलं नाही. देव्हाऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाटावर बसली, पाय पसरले, गुडघे दाबले, आणि सावकाश, बशीत ओतून ओतून, चहा प्यायली.